नागपूरची पिशवी

११ जानेवारी
दोन रेघा. कॉपर-टी असून. ओवीच्या वेळी बीपी चढून झटके आले होते, दोघींपैकी एकच वाचेल असं रवीला सांगितलं होतं. पुन्हा नको, हे डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलेलं. रवी प्लांटमधून सेकंड शिफ्ट करून आला तसं सांगितलं. जेवलाच नाही. शेवटी म्हणाला, "मले तू पाहिजे." एवढंच. मला पुरलं. हे ठेवायचं नाही, ठरलं.

१२ जानेवारी
सासूबाई गेल्यापासून घरात मोठं माणूस म्हणजे सासरे, बाबाच. बाबांना सांगायला जीभ रेटेना, तरी सांगितलं. टीव्हीकडे बघत ऐकलं. मग, "तू भंडाऱ्याची. तुह्यं ते काम महाराष्ट्रातच होईन. नागपूरलेच जा लागन."
आणि आम्हा दोघांनाही पटलं! जातीच्या दाखल्यानं या घराला एवढंच शिकवलंय. माहेरचा माझा इथे छत्तीसगडात चालत नाही, इथला रवीचा तिकडे महाराष्ट्रात चालत नाही. बाबांच्या चपला त्यातच झिजल्या.

१५ जानेवारी
बाबा सिविक सेंटरच्या बाजारातून झेरॉक्स घेऊन आले. टीसी, डोमिसाइल, लग्नाचं सर्टिफिकेट. कापडी पिशवी गच्च. दुर्गहून नागपूरच्या गाडीचं तिकीट वेटिंगच. उलट्या. पाय सुजल्यासारखे वाटतात, की भीतीच... 
सकाळी उठवेना. पाहते तर बाबांनी ओवीची वेणी घातलेली, पार वाकडी. तशीच शाळेत गेली, खुशीत.

१७ जानेवारी
नागपूरला दाखवायला जुने कागद हवेत म्हणून इथल्या दवाखान्यात गेलो, मी आणि बाबा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नागपुर क्यों?"
"बहू महाराष्ट्र की है." बाबा पिशवीतले कागद टेबलावर मांडायला लागले.
बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "बाबूजी, इसका कानून पूरे देश में एक ही है. यहीं हो जाएगा. बस इनकी सही चाहिए."
"हमारे लडके की नहीं?"
"इनकी."
मी सही केली. बाबा कागद गोळा करून बाहेर जाऊन बसले.

१९ जानेवारी
झालं. रडले. दुखतंय, पण मी आहे, ओवीला आई आहे. बाबांनी वरण-भात केलेला, मीठ विसरले. दोनदा वाढून घेतलं. अशी माणसं मिळायला नशीब लागतं, आणि मला मिळाली.

२४ जानेवारी
जेवताना बापलेकांची जुंपली. बाबा : "दाखल्याचंबी असंच कराले पाहिजे. पुऱ्या देशाले एकच."
रवी : "अन् उद्या दिल्लीनं हे बंद केलं त? मंग नागपूर काय अन् भिलाई काय, सगळीकडंच बंद. राज्याराज्याचं असलं त एखादं दार तरी उघडं राह्यते."
"अन् त्या दारापर्यंत जाच्या गाडीचं तिकीट वेटिंग असलं त? तिनं काय करावं मंग?"
दोघं माझ्याकडे पाहायला लागले. मला दोघांचंही पटत होतं. कढी वाढली.

२८ जानेवारी
पिशवी अजून दाराजवळच्या खुंटीवर. "बाबा, कागद कपाटात ठेवू?"
"राहू दे."
"कावून?"
"ओवी मोठी होऊन राहिली ना. उद्या कायदा बदलला त?"
मग मीही काढली नाही. धूळ बसू नये म्हणून वरून फडकं टाकलं.