भेगेतला पांढरा थर

तीर्थस्वरूप मामांस,

वाकून नमस्कार. (वाकले की कंबर धरते, ती दगडांमुळे, वयामुळे नव्हे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या डोळ्याची सूज उतरली का?

तुम्ही फोनवर म्हणालात, धरणाच्या अहवालावर सही करून मोकळी हो. करणार नाही. धरण जिथे बांधायचं आहे तिथे खडकात एक भेग आहे. जमीन सरकली की भेग उघडते, पाणी शिरतं आणि चुन्याचा पांढरा थर मागे ठेवतं (तुमच्या किटलीत साठतो तसाच, ज्यावरून मामी तुम्हाला बोलतात). त्यात कणभर युरेनियम असतं, त्यावरून थराचं वय निघतं. थर पुन्हा तडकलेला असेल, तर जमीन त्यानंतरही हलली. एवढंच माझं शास्त्र. त्यासाठी सहा दिवस दोरीला लटकून मी अकरा दगड काढले, ऑफिसातल्या मोरीशेजारी ट्रेमध्ये ठेवले आणि जेवायला गेले. आमच्या सफाईच्या मावशी फार मनापासून काम करतात. परत येते तो दगड लख्ख. सगळा थर त्यांनी संडासाच्या ॲसिडने काढला होता. 'किती घाण धरली होती बाई, अर्धा तास घासतेय,' म्हणाल्या. मी त्यांना चहा पाजला. दुसरं काय करणार?

साहेबांना मात्र आनंद आवरेना. 'थर नाही म्हणजे पुरावा नाही. भेग मेलेली आहे असं लिहा आणि सोमवारी सही करा.' मेलेली कशावरून, असं विचारलं तर म्हणाले, 'हलताना तुम्ही पाहिलीय का?' (खुर्चीतून हलताना त्यांनाही कुणी पाहिलेलं नाही.) नवे दगड काढायची परवानगी नाही, दोरी कपाटात, किल्ली साहेबांच्या खिशात. धरणाच्या खाली चार हजार माणसं राहतात. बदली करा, घरी बसवा, त्या कागदावर माझं नाव येणार नाही.

तुमची हट्टी
भाची

ता. क. : तुमच्या निवृत्तीला मी दिलेला दगड त्याच भेगेतला आहे, पांढऱ्या थरासकट. तो प्रयोगशाळेत पोचला की निकाल येईपर्यंत कुणाला सही मागता येणार नाही. जुन्या मोज्यात गुंडाळून रविवारच्या आत आणून द्या. पुसू नका. मामींनाही पुसू देऊ नका.

ता. क. २ : थर खूप जुना आणि अखंड निघाला तर साहेब बरोबर ठरतील, आणि तेही मीच लिहीन, सहीसकट. हे मामींना इतक्यात सांगू नका. त्या साहेबांच्या नावाने बोटं मोडताहेत, आणि मला ते बरं वाटतंय.