परत दिलेले तांदूळ

शनिवार, २४ मे

पोहोचलो एकदाचे! मागे चाकांवरचं घर ओढत मिल्टन कीन्सची राउंडअबाउट्स पार करणं म्हणजे अख्खी वरात घेऊन बोळातून वळण्यासारखं. प्रत्येक वळणावर प्रणव श्वास रोखत होता, मी गणपतीला हाका मारत होते आणि मागच्या सीटवर अनिश-मालविका टाळ्या पिटत होते. आता नॉरफोकचा समुद्र दारातून दिसतोय आणि आमची पहिलीवहिली कॅरॅव्हॅन साइटवरच्या आमच्या जागेवर, म्हणजे पिचवर, उभी आहे. थोडी तिरकी आहे, पण ते नवऱ्याला सांगायचं नाही.

कॅरॅव्हॅन वॉटफर्डच्या सुलक्षणाताईंची. पुण्याहून येऊन मला सहा महिनेही झाले नाहीत, पण जीपीच्या, म्हणजे इथल्या डॉक्टरच्या, नोंदणीपासून कढीपत्ता कुठे मिळतो इथपर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं. सख्खी बहीण करणार नाही एवढं केलं. हाफ-टर्मच्या सुट्टीत पोरांना घेऊन जा, कॅरॅव्हॅन नुसती दारात उभी आहे, म्हणाल्या. त्यांच्या नवऱ्यानं, शशीदादांनी, प्रणवला हुक जोडायला शिकवलं, आणि निघताना ताईंनी माझी ओटी भरली. नारळ, खण, तांदूळ आणि वर चांदीचं एक इवलंसं पैंजण. हे कशाला, म्हटलं, तर म्हणाल्या, असू दे, पोरीला होईल. रीतीप्रमाणे मी ओटीतले मूठभर तांदूळ परत द्यायला गेले, तर त्यांनी आमच्या मालविकाला पुढे ओढलं. हिच्या हातून दे, म्हणाल्या, आणि पदर पसरला. डोळे भरून आले होते त्यांचे. प्रणवनं फोटोही काढला. घरात मूल नाही बिचाऱ्यांच्या. मला फार वाईट वाटलं.

रविवार, २५ मे

कॅरॅव्हॅनमधले पोहे घरच्यापेक्षा चांगले होतात, हा आजचा शोध. टॉयलेटची पेटी रिकामी करून आल्यावर प्रणवनं अर्धा तास हात धुतले. आम्ही तिघं हसून हसून लोळलो.

जेवताना अनिशनं पाच ताटल्या मांडल्या. नऊ वर्षांचं घोडं झालंय, मोजता येत नाही का, म्हणून मी चिडवलं. त्यानं पाचवी ताटली तशीच ठेवली. खालच्या बंकवर कुणीच झोपत नाही, तरी तिथली चादर ओली आहे. वाळूही आहे. पत्र्यावर पैंजण वाजवत पळू नकोस, म्हणून मालविकाला ओरडले, तर तिच्या पायात काहीच नव्हतं. ओटीच्या पिशवीतही पैंजण नाही. पोरांनीच कुठेतरी टाकलं असणार.

सोमवार, २६ मे

प्रणव आइस्क्रीम घेऊन आला. पाच. पाचवं कुणाला, विचारलं, तर म्हणाला, आशूला. सहज म्हणाला, मीठ मागावं तसं. मी हसले. तो हसला नाही. अनिश म्हणाला, "आई, डोन्ट बी सिली."

बापलेकांची ही मस्करी मला मुळीच आवडली नाही, तसं तोंडावर सांगितलं. नंतर पाहिलं तर मालविका एकटीच बाहेर पायरीवर बसली होती. तिचं आइस्क्रीम वितळून हातावर ओघळत होतं. मला म्हणाली, ती माझ्या जागेवर बसलीय.

मंगळवार, २७ मे

सकाळी साइटच्या मालकीणबाई कॅरॅव्हॅन ओळखून आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, त्या वॉटफर्डच्या जोडप्याचं फार वाईट झालं, याच किनाऱ्यावर तीन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी बुडाली. सहा वर्षांची होती. आश्लेषा नाव. आशू म्हणायचे तिला.

मूल नाही, असं ताई मला कधी म्हणाल्याच नव्हत्या. "आता नाही" म्हणाल्या होत्या. मीच नीट ऐकून घेतलं नाही.

धावत प्रणवकडे गेले. त्यानं मला खाली बसवलं, आजारी माणसाला समजवावं तसं समजावलं. मालविका शशीदादांची मुलगी आहे, आपण तिला सहलीला आणलंय, आशू आपली. पुरावा म्हणून तो फोटो दाखवला. मालविका ताईंच्या पदराशी उभी, मूठ उघडून. बघ, म्हणाला, आईला कशी चिकटलीय.

बारा वर्षांचा संसार. त्याला स्वतःची पोर ओळखू येत नाही —

बुधवार, २८ मे

ताईंना फोन केला. रडले, शिव्या दिल्या. त्या शांत. म्हणाल्या, माझी पोर मी तुझ्या ओटीत घातली, तू हसत घेतलीस. आणि तुझीनं स्वतःच्या हातानं स्वतःला माझ्या पदरात टाकलं. कुणी जबरदस्ती केली का? मला जिवंत पोर हवी होती गं, निधी. तूही विसरशील. आईला जरा वेळ लागतो, एवढंच.

बहीण म्हणत होते मी हिला. केसानं गळा कापला बाईनं.

तांदूळ, नारळ, खण, सगळं समुद्रात फेकून आले. काही झालं नाही. चादर अजून ओलीच. मालविकाला घेऊन पळायचं ठरवलं, तर प्रणवनं गाडीची किल्ली काढून घेतली. लोकांची मुलगी आहे, निधी, म्हणाला. अनिशनं मालविकाच्या तोंडावर दार लावून घेतलं —

ती दुसरी खालच्या बंकवर असते. मी बघत नाही. ओला हात येतो माझ्या हातात. आई म्हणते. चांगली हाक मारते. तेच सहन होत नाही —

गुरुवार, २९ मे

ते दोघं आलेत. प्रणव त्यांना चहा करतोय.

मालविका धावत गेली. ताईंच्या कमरेला मिठी. मी हाक मारली — वळली — ओळख नाही डोळ्यांत. थँक्यू आंटी, म्हणाली. मला. जन्म दिला मी हिला —

ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यांची गाडी तिला घेऊन गेली. मागच्या काचेतून हात हलवला तिनं. कुणीतरी शिकवल्यासारखा.

मागची पानं वाचते तोवर तिचं नाव लक्षात असतं. पान मिटलं की जातं. म्हणून पुन्हा लिहिते. माझी मुलगी. वय सहा. हनुवटीवर टाक्याचा व्रण. वरणभातावर तूप नको असतं. आशू मांडीवर येऊन बसलीय, गार आहे, पान ओलं होतंय, शाई — लवकर लिहायला हवं — माझ्या मुलीचं नाव मा—