रोपांच्या टेबलाचा वारस

दिनांक ९ मार्च

हे मृत्युपत्र मी आमच्या सामायिक बागेच्या मंडळींना गेल्या वर्षीच देणार होते. त्यानंतर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, याची आधी सगळ्यांची माफी मागते. कारण आळस नव्हे. खरं सांगायचं तर थोडा आळसही होता. पण मुख्य कारण असं की दर वेळी "माझ्या पश्चात" एवढं लिहून झालं की मला वाटायचं, आधी टोमॅटोची रोपं ट्रेमधून कपांत हलवून घेऊ, मरण कुठे पळून जातंय. आता गुरुवारी माझं पित्ताशय काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, किरकोळ शस्त्रक्रिया आहे. मी विमा कंपनीच्या तक्रार विभागात नोकरी करते. "किरकोळ" या शब्दाने सुरू झालेल्या फायली पुढे किती जाड होतात, ते मी पाहिलेलं आहे.

तरी मी, वय वर्षे सत्तेचाळीस, या कागदाद्वारे जाहीर करते की माझे डोके ठिकाणावर आहे. (नवऱ्याचं मत वेगळं असल्यास त्याने ते वेगळ्या कागदावर लिहावं.) मला कोणी धाक दाखवलेला नाही, लालूच दाखवलेली नाही आणि भूल अजून दिलेली नाही. यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते. त्यातलं एकही पूर्ण झालं नव्हतं, पण वकील म्हणाले की हे वाक्य असलेलं बरं.

वकील म्हणजे बागेतल्या शेवटच्या वाफ्याचे मालक. सल्ल्याची फी त्यांनी घेतली नाही, मिरचीची चार रोपं घेतली. एक गोष्ट मात्र त्यांनी बोट उगारून बजावली: "ज्याला या कागदातून काही मिळणार, त्याची साक्षीदार म्हणून सही चालायची नाही. आणि साक्षीदार दोन लागतात." तेव्हा मला ही अट अगदीच सोपी वाटली.

कलम १. घर. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा मी माझ्या नवऱ्याला देते. उरलेला अर्धा त्याचाच आहे, त्यामुळे हिशेब सुटसुटीत होईल. आमच्या न्हाणीघरात थंडी संपेपर्यंत वांग्याच्या रोपांचे ट्रे असतात, कारण घरात ऊब तिथेच असते. एवढ्या वर्षांत त्याने एकदाच तक्रार केली: "आंघोळ करताना कोणीतरी टक लावून बघतंय असं वाटतं." माझ्या पश्चात त्याने ट्रे हलवायला हरकत नाही. पण वांग्यांना थंडी बाधते, एवढं लक्षात असू द्यावं.

कलम २. बँकेतली शिल्लक. ती माझ्या मुलीला मिळावी. तिने ती बागेवर खर्च करू नये. अगदीच करायची असेल तर करावी. हे वाक्य मी खूपदा बदललं. शेवटी तिच्यावर सोपवते, म्हणजे दोष तिचा.

कलम ३. अवजारे. माझं खुरपं, झारी, बियांचे डबे आणि माती चाळायची चाळण मी औषधवाल्या काकांना देते. बाजारातलं औषधाचं दुकान मुलाला सोपवल्यापासून काका बागेतच असतात आणि गांडूळखतसुद्धा तराजूवर मोजून घालतात. त्यांच्या हाती चाळण शोभेल.

(कलम ३ रद्द समजावे. कारण कलम ६ मध्ये.)

कलम ४. टेबल. खरा प्रश्न टेबलाचा आहे. बाकी सगळं मी तो लांबवण्यासाठी लिहिलं की काय, अशी मला शंका येते.

हंगामात दर रविवारी बागेच्या फाटकाबाहेर लोखंडी पायांचं एक टेबल लागतं. ते माझं आहे. त्यावर आम्ही उरलेली रोपं विकतो: टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, शिवाय पुदिना, बेसिल, ओवा. बागेच्या जागेचं भाडं आणि पाण्याचं बिल त्यातूनच जातं. वाफे तेवीस घरांचे आहेत, टेबल माझ्या एकटीचं. आई आजारी होती त्या वर्षी मी तिच्याकडे राहिले आणि टेबल लागलं नाही. ऐन उन्हाळ्यात बागेच्या नळाला सील लागलं. मंडळी घरून बादल्या भरून आणत होती आणि डोळ्यांसमोर घेवडा वाळत होता. म्हणून हे टेबल कोणाच्या हाती जातं, यावर बाग राहणार की जाणार हे ठरेल.

रोपं उरतात ती माझ्यामुळे. कपात दोन बिया टाकायच्या, दोन्ही उगवल्या तर कमजोर रोप उपटून फेकायचं, अशी रीत आहे. मला ते जमत नाही. इतक्या लहानपणी कमजोर कोण हे ठरवणारी मी कोण? मी ते अलगद काढून दुसऱ्या कपात लावते. त्यामुळे रोपं दुप्पट होतात. पहिल्याच वर्षी नवरा म्हणाला, "एक तर ही रोपं वीक, नाहीतर मला वीक. दोघांना जागा नाही."

विकताना मी गिऱ्हाइकाला विचारते की खिडकी कोणत्या दिशेला आहे, ऊन किती येतं, गावाला गेलात तर पाणी कोण घालणार. एकदा एका बाईंनी मला विचारलं, "तुम्ही पुदिना देताय की मुलगी?" कमजोर रोपांवर मी "कमजोर" अशी चिठ्ठी लावते. गंमत म्हणजे तीच आधी खपतात, लोकांना दया येते. म्हणजे प्रामाणिकपणाने मी जास्त माल खपवते. हे प्रामाणिक आहे का, हे मला अजून कळलेलं नाही.

कलम ५. धाकटी जाऊ. हिला मी काहीही देत नाही. कारण नोंदवणं न्यायाला धरून होईल.

धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करते. "ही फ्रेम तुम्हाला शोभत नाही" हे ऐकून त्या दुकानातून आजवर एकही माणूस बाहेर पडलेला नाही. मला ताप आला होता त्या रविवारी टेबल तिच्याकडे होतं. कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल यांची रोपं त्या वयात हुबेहूब सारखी दिसतात, आणि पाणी मारताना चिठ्ठ्यांवरची शाई धुऊन गेली होती. मी असते तर विक्री थांबवली असती, किंवा "कोबीच्या घराण्यातलं काहीतरी" असं सांगून विकलं असतं. धाकटीने तिसरा मार्ग काढला. कोणी विचारलं, "फ्लॉवर आहे का?" की ही म्हणायची, "हे काय, तुमच्यासाठीच तर बाजूला ठेवलेत." पुढच्याने नवलकोल मागितला की त्याच ट्रेमधून नवलकोल. दुपारच्या जेवणाआधी टेबल रिकामं.

पुढच्या रविवारी मी फाटकावर कागद लावला: "मागच्या आठवड्यात नेलेला फ्लॉवर हा कोबी असण्याची शक्यता आहे. दिलगीर आहोत. पैसे परत मिळतील." पैसे मागायला कोणीही आलं नाही. दोन-अडीच महिन्यांनी एक गृहस्थ हातात भला मोठा नवलकोल घेऊन आले आणि म्हणाले, "हा फ्लॉवर चिरायचा कसा, तेवढं सांगा."

धाकटी मात्र कागद लावला त्याच दिवशी आली.

"ताई, चारचौघांत खोटारडी ठरवलंत मला."

"अगं, तुझं नाव कुठे लिहिलंय मी?"

"टेबलावर मी एकटीच होते ना! मग काय, कोबीने कोबी विकला?"

तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. आमचे वाफे शेजारीशेजारी आहेत. तिला झारी हवी असली की ती माझ्या नवऱ्याला सांगते, "भाऊजी, यांना म्हणावं झारी द्या." मी न्याय केला की सूड घेतला, हे मला ठरवता आलेलं नाही. तूर्त न्याय असं धरून चालते.

कलम ६. वारसाचा शोध. काल बागेच्या पत्र्याच्या शेडमध्ये धाकटी सोडून सगळ्यांना बोलावून मी विचारलं की माझ्यामागे टेबल कोण घेईल. मग औषधवाले काका खाकरले.

"वहिनी, मी आपला साक्षीदार होतो."

"काका, तुम्हाला मी चाळण ठेवली आहे. घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही."

"मग चाळण नको."

"आणि खुरपं?"

"खुरपंही नको. झारी तर नकोच नको. आणा, कुठे सही करू?"

सायकल दुरुस्तीवाले मागून ओरडले, "दुसरा साक्षीदार मी!"

"तुम्हाला मी काहीच ठेवलेलं नाही हो," मी म्हणाले.

"फार उपकार झाले. ठेवूही नका."

मग एकेक हात वर व्हायला लागला. वकिलांनी नियम समजावून सांगितला होता तो मला अडचण टळावी म्हणून. मंडळींनी त्यात पळवाट पाहिली. साक्षीदार व्हायला अख्खी बाग तयार, वारस व्हायला एक माणूस नाही. मला राग आला नाही. म्हणजे आला, पण सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून ट्रे उचलायला मी तरी दुसऱ्याच्या मृत्युपत्रावरून गेले असते का?

म्हणून नाइलाजाने असे ठरवते की माझ्या पश्चात टेबल भंगारात द्यावे, रोपांची विक्री बंद करावी आणि जागा मालकाला परत करावी. औषधवाल्या काकांनी काल शेडमध्येच तळाशी सही करून ठेवली आहे.

कलम ७. हे कलम आज संध्याकाळी जोडत आहे.

दुसऱ्या सहीबाबत वकिलांचं म्हणणं पडलं की जिला काही मिळत नाही आणि जिचं आपल्याशी पटतही नाही, तिच्याइतका भक्कम साक्षीदार नाही. नवऱ्याने मला न विचारता धाकटीला फोन केला. ती दुकानातून परस्पर आली, उभ्याउभ्याच सही ठोकली आणि मग, सही झाल्यावर, कागद वाचायला बसली. कलम ५ वाचताना तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. नवलकोलापाशी तर ती हसली, आणि मग हसल्याचं लक्षात येऊन थांबली. कलम ६ वाचून तिने कागद आपटला.

"भंगारात? ताई, टेबल भंगारात?"

"कोणी घेत नाही तर काय करू?"

"मला विचारलंत?"

"तू बोलत नाहीस माझ्याशी."

"मग काय झालं! लिहून विचारायचं. फाटकावर कागद लावायला बरं जमतं तुम्हाला." असं म्हणून तिने माझ्या हातातलं पेन ओढलं आणि स्वतःची सही खोडली. "लिहा. टेबल मला. पण मी गिऱ्हाइकांची चौकशी करणार नाही, आधीच सांगते."

"निदान ऊन किती येतं एवढं तरी विचार."

"विचारेन. उत्तर ऐकेनच असं नाही." मग तिने जरा विचार केला. "आणि एकटीने नाही करणार मी. लिहा, टेबल मला आणि वाफेवाल्या सगळ्यांना. तेवीसच्या तेवीस घरं. समान हिस्सा, समान पाळी."

"अगं, मग कोणालाच साक्षीदार होता येणार नाही."

"तेच तर!" ती म्हणाली. "बघू आता कसे सुटतात."

"वकीलसुद्धा?"

"त्यांचा वाफा नाही का?"

आत नवऱ्याला इतकं हसू आलं की त्याला ठसका लागला. पाणी देताना धाकटी मला म्हणाली, "ताई, गुरुवारी मी येते दवाखान्यात. भाऊजी तिथे नुसते फेऱ्या मारत बसतील." नवऱ्याला मध्ये न घालता आणि न भांडता ती माझ्याशी बोलली, ते एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

तरी कलम ६ मधील शेवटचा आदेश मी मागे घेते. टेबल, त्याचे लोखंडी पाय आणि रविवारची पहाट मी धाकट्या जावेला व बागेतील सर्व वाफेधारकांना समान हिश्श्याने देते. पाळ्या धाकटी लावेल. तिने लावलेल्या पाळीबद्दल तक्रार माझ्याकडे आणू नये. एक तर मी नसेन, आणि असले तर त्या दिवशी सुट्टीवर असेन.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचला, पुन्हा वाचला, आणि तो मला बहुतांशी मान्य आहे.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ९ मार्च
लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: औषधवाले काका. सही खोडली. वारसांत समाविष्ट. त्यांना अजून कळवलेले नाही.
साक्षीदार २: धाकटी जाऊ. सही स्वतःच्या हाताने खोडली.

उद्या: ज्यांचा बागेत वाफा नाही असे दोन साक्षीदार शोधणे.