साठ शेअर, दोन सह्या आणि मधले प्लायवूड

मी, खाली सही करणारा, धंद्याने कुलूप-किल्लीवाला, वय सत्तरीच्या पुढे, हे मृत्युपत्र माझ्या अर्ध्या दुकानात बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या दबावाखाली नाही. दबाव आणायला कोणी असते तर आधी त्याला चहा पाजला असता. माझे डोके ठिकाणावर आहे, बिघाड आहे तो हृदयात. येत्या सोमवारी डॉक्टर ते उघडून दुरुस्त करणार आहेत. उघडलेली वस्तू पुन्हा नीट बंद होईलच अशी खात्री माझ्या धंद्यात मी कधी दिली नाही, डॉक्टरांनीही दिलेली नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. बायको होती तोवर गरज वाटली नाही आणि ती गेल्यावर द्यायचे कोणाला हे सुचले नाही. आम्हाला मूल नाही. रक्ताचे म्हणावे असे एकच माणूस उरले आहे, माझा धाकटा भाऊ, घड्याळे दुरुस्त करणारा. तो आत्ता माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेला आहे. मध्ये प्लायवूड आहे.

कलम पहिले, दुकान. हे दुकान वडिलांचे. त्यांच्यामागे आम्ही दोघे एकाच टेबलावर बसायचो, डावीकडे मी, उजवीकडे तो. माझ्या मशीनवर किल्ली कापताना पितळेचा कीस उडतो आणि तो त्याच्या उघड्या घड्याळांत जायचा. तो कुरकुरायचा, मी कानाडोळा करायचो. एकदा भर गिऱ्हाइकासमोर तो म्हणाला, "दादा, तुझ्या कामाला अक्कल लागत नाही, म्हणून तुला दुसऱ्याच्या कामाची किंमत नाही." मी म्हणालो, "मग उचल तुझी घड्याळं आणि बस पलीकडे!" दुसऱ्या दिवशी सकाळी येतो तर मधोमध प्लायवूड उभे. आठवडाभराची नाटके असतील असे मला वाटले. त्याला आता एकोणीस वर्षे झाली. कीस अडवायला लावलेल्या फळीने बोलणेही अडवले. चूक कोणाची हे ठरवायची ही जागा नव्हे, पण त्याची होती.

प्लायवूड जमिनीपर्यंत पोचत नाही. खाली दोन बोटांची फट आहे. त्याचे बारीक स्क्रू पडले की घरंगळत माझ्याकडे येतात, माझ्या कुलपांतल्या पिना त्याच्याकडे जातात. दुकान बंद करण्याआधी ज्याचे त्याला टिचकीने परत. एवढाच आमचा व्यवहार. त्याचा खोकला कोरडा आहे की ओला, हे मला त्याच्या डॉक्टरांच्या आधी कळते. माझेही त्याला सगळे ऐकू जात असणार, कारण मला लिहिताना मोठ्याने म्हणायची खोड आहे. बायको म्हणायची, "तुम्हाला गुपित सांगणं आणि चौकात भोंगा लावणं सारखंच." आत्ताही मी मोठ्यानेच लिहीत आहे. पलीकडचा रेडिओ मघापासून बंद आहे. त्याला ऐकायचे असेल तर ऐकू दे, त्याच्याच नावाने चालले आहे सगळे.

तर माझे अर्धे दुकान धाकट्याला. प्लायवूड काढायचे की ठेवायचे हे त्याचे त्याने बघावे.

कलम दुसरे, घर. दोन खोल्या, वरचा मजला. मालकीच्या आहेत, कर्ज नाही. त्याही धाकट्याला. स्वयंपाकघरातला नळ बंद करताना शेवटी थोडा उलटा फिरवावा लागतो. पलंगाच्या डाव्या बाजूला मी अजून झोपत नाही, ती तिची बाजू. गादी म्हणून एका अंगाने बसलेली आहे, त्यावरून कोणी हसू नये.

घराची दुसरी किल्ली दाराच्या आतल्या खिळ्याला आहे. या सगळ्या बाजाराच्या डुप्लिकेट किल्ल्या मी केल्या. सून आली, भाडेकरू आला, मुलगी शिकून परत आली की लोक धावत माझ्याकडे येतात, "काका, आणखी एक करून द्या." माझ्या घराची दुसरी किल्ली मात्र द्यायला कोणी नाही. बाहेर अडकलो तर मीच मला दार उघडून देतो. लोकांना हा विनोद वाटतो. ती गेल्यावर पहिली दोन वर्षे मलाही वाटला. ती दुसरी किल्ली माझ्यामागे धाकट्याला द्यावी.

कलम तिसरे, हत्यारे आणि जुने हिशेब. किल्ली कापायचे मशीन, कानशी आणि कुलपे उघडायचे पोलादी आकडे कोपऱ्यावर बॅगा दुरुस्त करणाऱ्या बाईंना. त्यांचा हात हलका आहे आणि त्या उसनी नेलेली पक्कड परत करतात. गिऱ्हाइकांनी करायला सांगून कधीच न नेलेल्या किल्ल्यांचा पत्र्याचा डबा हार्डवेअरवाल्याला. त्याने मला वर्षानुवर्षे भेसळीच्या पितळेचे तुकडे विकले. त्या किल्ल्या कोणत्या दारांच्या, हे आता मलाही माहीत नाही. बसू दे शोधत.

कलम चौथे, शेअर. इथे खरे घोडे अडले आहे.

तरुणपणी एका कुलपांच्या कंपनीने लोकांना शेअर विकायला काढले. धाकटा म्हणाला, "घ्यायचे का?" मी म्हणालो, "आधी कुलूप बघू." आम्ही त्या कंपनीचे एक कुलूप आणले आणि किल्ली बाजूला ठेवून उघडायला बसलो. मी माझ्या आकड्यांनी, तो त्याच्या घड्याळाच्या चिमट्यांनी. दिवस मावळला तरी ते हलेना. तो घामाघूम होऊन म्हणाला, "दादा, हे आपल्या बापालाही उघडायचं नाही. घेऊन टाकू." निम्मे पैसे त्याचे, निम्मे माझे, शेअर दोघांच्या नावावर. पुढे वाढत वाढत ते साठ झाले. बोलणे बंद पडल्यावरही ते दोघांचेच राहिले, कारण विकायला दोघांच्या सह्या लागतात आणि आधी कोणी विचारायचे यावर गाडी अडली. कंपनीचा वार्षिक अहवाल येतो तेव्हा पाकिटावर आमची नावे शेजारी शेजारी छापलेली असतात. वर्षातून तेवढेच एकदा. ती पाकिटे मी टाकलेली नाहीत.

आता कंपनीने बायबॅक काढला आहे. म्हणजे बाजारापेक्षा चढा भाव देऊन ती स्वतःचेच शेअर आपल्याकडून परत विकत घेणार आहे. मुदत या शुक्रवारी संपते. मी दलालाच्या कचेरीत गेलो. तिथल्या मुलीने सगळे समजावले आणि शेवटी म्हणाली, "काका, दुसऱ्या खातेदारांची सही कधी आणता?"

"माझ्या एकट्याची चालणार नाही?"

"नाही हो. खातं दोघांचं आहे ना. आणा की त्यांना, लांब राहतात का?"

"नाही," मी म्हणालो. "जवळच."

मी असेही विचारले की मी गेलो तर काय. ती जरा ओशाळली, पण म्हणाली की दोन नावांच्या खात्यात एक गेला की शेअर दुसऱ्याच्या नावे होतात, मृत्युपत्र काहीही म्हणो. फक्त दाखले, अर्ज यांत दिवस जातात, तोवर मुदत संपते. म्हणजे हे कलम लिहिण्यात कायद्याने काही अर्थ नाही. तरी लिहितो. कारण हल्ली पलीकडून स्क्रू फार येतात. पूर्वी आठवड्याला एखादा यायचा, आता दुपार झाली की पायाखाली करकरतात. त्याचे डोळे चालले आहेत आणि तो कोणाला सांगत नाही. घड्याळवाल्याचे डोळे गेले तर त्याने खायचे काय? या चढ्या दराने शेअर गेले तर त्याच्या डोळ्यांचे ऑपरेशन आरामात होईल. मला सही हवी आहे ती त्यासाठी.

कलम पाचवे, धाकट्यासाठी सूचना. या वेळी नाही जमले तर पुढच्या बायबॅकला उपयोगी पडतील, म्हणून लिहून ठेवतो. तू तापट आहेस, एकदम उडी मारतोस, म्हणून सावकाश वाच.

पहिले म्हणजे रेकॉर्ड डेट बघ. त्या दिवशी ज्याच्या नावावर शेअर असतात त्यालाच भाग घेता येतो. जाहिरात वाचून नंतर धावत शेअर घेणारे हात चोळत बसतात. आपण आधीपासून आहोत, आपल्याला ती धास्ती नाही. मग बघ की आपण छोट्या भागधारकांत मोडतो का. ठरावीक किमतीपेक्षा कमी शेअर असणाऱ्यांसाठी वेगळा वाटा राखलेला असतो, तिथे गर्दी कमी आणि आपले जास्त शेअर घेतले जायची शक्यता बरी. साठ शेअर म्हणजे आपण छोट्यांतच आहोत. आयुष्यात लहान असण्याचा फायदा मी इथेच बघितला.

तुझा हक्क अमुक इतक्या शेअरांचा, असे पत्रात येईल. हक्कापेक्षा जास्तही देऊ करता येतात. बाकीचे लोक आळस करतात, फॉर्म भरत नाहीत, त्यांची जागा मग आपल्याला मिळू शकते. पण देऊ केलेले सगळे घेतीलच असे धरून उधारी करू नकोस. जे घेत नाहीत ते खात्यात परत येतात. खरे सांगतो, बायबॅकमधली हीच गोष्ट मला सर्वांत आवडली.

नुसत्या चढ्या भावाला भुलू नकोस. कंपनी हा पैसा कमाईतून देते की कर्ज काढून, ते बघ. मालक मंडळी स्वतःचे शेअर देत आहेत की धरून बसली आहेत, तेही बघ. कर किती कापला जाईल हे करसल्लागाराला विचार, नियम दर थोड्या दिवसांनी बदलतात आणि मी सांगितलेले शिळे झालेले असेल. फोनवरून "हमखास" म्हणणाऱ्याचा फोन ठेवून दे. तुला ते छान जमते, बोलणे तोडणे.

आणि शेवटचे. न विकणे हाही एक निर्णय आहे. कंपनी परत घेतलेले शेअर रद्द करते, त्यामुळे जे विकत नाहीत त्यांचा वाटा बसल्या जागी थोडा वाढतो. ज्याला पैशाची घाई नाही आणि कुलपावर भरवसा आहे, त्याने खुशाल बसून राहावे. पण तुला घाई आहे. तुझ्या डोळ्यांना आहे.

कलम सहावे. सह्यांचा कागद माझी सही करून तीन दिवस खणात पडला आहे. फटीतून सरकवायला एक क्षण पुरेल. सरकवत नाही, कारण भीती वाटते. त्याने एक अक्षर न बोलता सही करून कागद परत ढकलला तर? मग आमच्या दोघांचे असे काहीच उरणार नाही, पाकीटसुद्धा नाही. आणि नाहीच केली, तर सोमवारी मी टेबलावर आडवा असताना हेच डोक्यात राहील.

खणात आणखी एक कागद आहे, दवाखान्याचा. त्यावर नातेवाइकाच्या सहीची जागा कोरी आहे. नर्सने विचारले, "सोबत कोण येणार?" मी म्हणालो, कोणी नाही. ती म्हणाली, "असं कसं, कोणीतरी असेलच की." एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

हे लिहून झाल्यावर मी शेअरचा कागद फटीतून पलीकडे सरकवला आहे. शेअरचाच. काय होते ते बघून पुढे लिहितो.

पुढे. मी मशीनवरचा कीस दोनदा झाडला तेव्हा कागद परत आला. त्याच्या सहीची जागा कोरीच. आणि मग प्लायवूडच्या पलीकडून आवाज आला. म्हातारा झाला आहे त्याचा आवाज.

"मी नाही करणार सही. न विकणाऱ्याचा वाटा वाढतो म्हणालास ना? मग बस गप्प."

मी म्हणालो, "आणि तुझे डोळे?"

"माझे डोळे माझे मी बघीन. तू तो दुसरा कागद सरकव."

"कुठला?"

"बहिरा झालास का दादा? दवाखान्याचा! आणि सोमवारी किती वाजता निघायचंय?"

मी कागद सरकवला. तो सही होऊन आला. सही रेघेच्या बाहेर गेली आहे, त्याला रेघ नीट दिसली नसावी. मी ती पुसणार नाही, नवीन कागदही आणणार नाही.

म्हणून या मृत्युपत्रात पुढील बदल करतो. कलम चौथ्यातले साठ शेअर आहेत तसे दोघांच्या नावे राहतील. शुक्रवार येईल आणि जाईल, हा आम्हा दोघांचा निर्णय आहे. दोघांकडची शिल्लक एकत्र करून आधी त्याच्या डोळ्यांचे करायचे, यावर तो भांडेल, मीही भांडेन. कलम दुसऱ्यातली दुसरी किल्ली माझ्यामागे द्यावी हे वाक्य रद्द. आज घरी गेल्यावर ती खिळ्यावरून काढीन आणि उद्या सकाळी फटीतून सरकवीन. बाकी कलमे कायम.

ठिकाण : आमचे दुकान.
तारीख : बुधवार, ऑपरेशनच्या आधीचा.

सही (कुलूप-किल्लीवाला)

आमच्यासमोर सही केली :
१. समोरचा औषधवाला
२. शेजारची झेरॉक्सवाली

धाकट्याची साक्ष घेतलेली नाही. ज्याला मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले आहे. पण तो हजर होता. पहिल्या ओळीपासून.