सोड्याचा दुसरा चमचा

६ मार्च २००४, रेडमंड
शेजारच्या नोराला घरचं ताक दिलं. एक घोट घेतला आणि डोळे भरून आले तिचे. ‘आईनंतर पहिल्यांदा!’ दुकानातल्या ताकाला ती ताक म्हणतच नाही. आयर्लंडमधल्या खेड्यात तिची आई रोज ब्रेड करायची — पीठ, मीठ, खायचा सोडा, ताक, बस्स. यीस्ट नाही, मळत बसणं नाही. लोखंडी भांडं चुलीवर, झाकणावरही निखारे. वर सुरीने फुली मारायची — आतल्या पऱ्या निघून जाव्यात म्हणून! नोरा एक्क्याऐंशीची. अजून रोज करते, ओव्हनमध्ये.

१३ मार्च
नोराचा आजचा ब्रेड दगड. नोरा म्हणे, ‘तुझं ताक आंबट नव्हतं.’ माझं ताक! चिडून घरी आले, त्याच ताकाचा ब्रेड केला. टम्म फुगला. म्हणजे तीच सोडा विसरली.

१४ मार्च
‘चुकलंच माझं ताक,’ म्हणून आले. काय करणार? तिचा मुलगा ब्रायन शिकागोहून येतोय, आई एकटी राहू शकते का बघायला. नाही म्हणाला तर वृद्धाश्रम. ती म्हणते, ‘ब्रेड जमतोय तोवर मला कोण हलवतंय?’

नवऱ्याला, यशोधनला, सांगितलं तर म्हणाला, ‘यार, तू कशाला इन्व्हॉल्व होतेस?’ ह्या अख्ख्या रस्त्यावर मला नावाने हाक मारणारी ती एकटी आहे. म्हणून.

२० मार्च
रोज ताक घेऊन जाते. नोरा ओव्हनकडे वळली की पिठात चमचाभर सोडा टाकते. ब्रेड फुगतोय. नोरा खूश, मी त्याहून.

२७ मार्च
ब्रायन आला. ब्रेड कापला तर आत पिवळट, चव साबणासारखी. त्याने घास कागदात काढला. ‘मॉम, आता पुरे.’

मग मला कपाटाच्या दारावर चिठ्ठी दिसली, तिच्या थरथरत्या अक्षरात — सोडा. आज तिने आठवणीने घातला होता. त्यावर माझा चमचा. ताकाचं भांडं उचलून घरी आले. फार लाज वाटते आहे.

२८ मार्च
सकाळीच जाऊन दोघांना सांगितलं. ब्रायनने विचारलं, ‘किती दिवस घालत होतीस?’ ‘कालच,’ म्हणाले मी.

‘दोन आठवडे,’ नोरा म्हणाली. ‘ओव्हनच्या काचेत दिसते मला ती. काल ब्रेड माझा मला करायचा होता, म्हणून चिठ्ठी लावली. तिला सांगायचं तेवढं विसरले.’

ब्रायन कपाटापाशी जाऊन चिठ्ठी बघत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘ताक आहे अजून?’