सुईणीच्या सुनेने लिहून ठेवलेले

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दडपणाचे वाक्य घालावेच लागते असे शेजारच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, म्हणून घातले. दुसरे बाळंतपण तोंडावर आले आहे. माझे काही बरेवाईट झाले तर मागे भांडणे नकोत.

१. शिलाई मशीन नणंदेला द्यावी. माझ्या शिवणीला तिने दहा वर्षे नावे ठेवली, आता स्वतः शिवून बघावे. कात्री मात्र तिला देऊ नये.

२. माझी मुलगी, वय पाच, माझ्या आईकडे राहील. नवऱ्याने दुसरे लग्न खुशाल करावे. ते ट्रकवर असतात, महिन्यातून दोन दिवस घरी. माणूस वाईट नाही, आईपुढे तोंड उघडत नाही इतकेच.

३. आता जे मला बोलता आले नाही ते. माझ्या सासूबाई सुईण. गल्लीतली निम्मी पोरे त्यांच्या हातावर जन्मली, माझी मुलगीसुद्धा. पण दोन वर्षांपासून त्यांना नीट दिसत नाही आणि हे फक्त मला ठाऊक आहे. मदतनीस म्हणून मी शेजारी बसते ती त्यासाठीच. नाळ मी कापते. रक्त बेताचे असले तर त्यांच्या पाठीला एकदा बोट टेकवते, जास्त असले तर दोनदा. दोनदा टेकवले की त्या म्हणतात, "हिला दवाखान्यात न्या." मूल आडवे की उभे हे त्यांच्या हाताला आजही कळते, पण रक्त डोळ्यांनाच दिसते. माझ्या वेळी बोट टेकवणारे कोणी नाही.

दवाखान्यात जावे तर गल्ली विचारणार, सुईणीची सून तिकडे कशी? खरे सांगावे तर म्हातारीचा जन्माचा मान जातो. शिवाय 'आमच्या सासूबाईंच्या हाताला यश आहे' असे दारोदार सांगत मीच फिरले. धरले तर चावते, सोडले तर पळते. एकदा धीर करून विषय काढला, तर म्हणाल्या, "माझ्या हाताला डोळे आहेत गं. घाबरतेस काय?" मी घाबरते. फार घाबरते.

४. मी गेले तर सासूबाईंवर कोणी आळ घेऊ नये. पण कलम तीन गल्लीतल्या प्रत्येक गरोदर बाईला वाचून दाखवावे.

साक्षीदार: एक, शिक्षिकाबाई. दोन, सासूबाई. मजकूर दोघींनी वाचलेला नाही, सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी शाईचा अंगठा कागद सोडून पाटावर उमटवला. मी हात धरून तो जागेवर टेकवला. शिक्षिकाबाई बघत होत्या. सही करता करता थांबल्या आणि मला म्हणाल्या, "रिक्षा सांगून ठेवू का गं?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई हसल्या. "रिक्षा कशाला हो, बाई? मी आहे ना."

ठिकाण: राहते घर, आतली खोली.
दिनांक: नववा महिना लागून सहावा दिवस.
सही केली आहे.