थर्मामीटर फसतो, ताप नाही

बाबा,
तुमचा डोळा लागलाय म्हणून उठवलं नाही. तापाची गोळी आठला दिली आहे. दुसरी दोनच्या आधी घ्यायची नाही. जास्त गोळ्या खाल्ल्या म्हणून ताप लवकर पळत नाही. ब्लँकेट मी मुद्दाम उचलून ठेवलंय. गुंडाळून घेतलं की ताप आतच कोंडतो, चादर पुरे. तांब्यातलं पाणी घोट घोट पीत राहा.

सकाळी तुमचा ताप नव्याण्णव भरला आणि तुम्ही म्हणालात, "जा बिनधास्त ऑफिसला." पण कपाळाला तर चटका बसत होता. मग उशीमागे फ्रिजमधली बाटली सापडली. गार पाण्याची चूळ भरून थर्मामीटर फसतो, ताप नाही फसत. आणि माझ्या रजा संपल्यात हे तुम्हाला कुणी सांगितलं?

चौथीत गणिताच्या पेपरच्या दिवशी मी थर्मामीटर चहात बुडवला होता, आठवतंय? तुम्ही घड्याळं दुरुस्त करायचं भिंग डोळ्याला लावून पारा बघितलात आणि म्हणालात, "एवढ्या तापात माणूस उकळतो गं." पण रागावला नाहीत. दुकान बंद ठेवलंत आणि दिवसभर माझ्या उशाशी बसून गणितं शिकवलीत.

मीही रागावलेली नाही. डॉक्टरांना घेऊन तासाभरात येते. ऑफिसला फोन करून झालाय.

आज माझंही दुकान बंद.